डावखुऱ्यांसाठी स्टब की ऑब्लिक? निब निवडताना आधी काय पाहावे

फाउंटन पेनच्या नेहमीच्या निबचे टोक गोलसर असते, त्यामुळे ती कोणत्याही दिशेला ओढली तरी रेषेची जाडी फारशी बदलत नाही. स्टब आणि ऑब्लिक या दोन्ही निबचे टोक मात्र चपटे असते. स्टबचे टोक निबच्या फाटीशी काटकोनात, सरळ कापलेले असते आणि त्याचे कोपरे घासून गोलसर केलेले असतात. ऑब्लिकचे टोक बहुधा १५ अंशांच्या आसपास तिरपे कापलेले असते. यावरून डावखुऱ्या माणसाच्या तिरप्या हाताला तिरपी निबच योग्य, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो बऱ्याच वेळा चुकीचा ठरतो, कारण निबचा तिरपेपणा आणि हाताचा तिरपेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

डावीकडून उजवीकडे लिहिताना उजव्या हाताने पेन बव्हंशी ओढले जाते, तर डाव्या हाताने ते बरेचसे ढकलले जाते. शिरोरेषा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे: देवनागरी लिहिणाऱ्या डावखुऱ्याला प्रत्येक शब्दावर एक लांब रेघ ढकलत न्यावी लागते. ढकललेल्या निबचे कोपरे धारदार असतील तर ते कागदाच्या तंतूंत रुततात. म्हणूनच स्टबच्याच जातीची, पण तीक्ष्ण कडांची इटॅलिक निब डावखुऱ्याने पहिली निब म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोल कोपऱ्यांची स्टब ही अडचण बरीच कमी करते.

पुढचा प्रश्न हात ओळीच्या कोठे राहतो, हा आहे. काही डावखुरे हात ओळीखाली ठेवतात, काही ओळीवरच ठेवतात आणि काही मनगट वाकवून ओळीच्या वरून लिहितात. वरून लिहिणाऱ्याच्या पेनाचे शेपूट वर डावीकडे असते, म्हणजे उजव्या हाताच्या पेनाच्या नेमके विरुद्ध टोकाला. पण निबची कड कागदावर दोघांचीही साधारण एकाच दिशेने पडते. त्यामुळे साधी स्टब या हातात उजव्या हातासारखीच जाड-बारीक वळणे देते आणि रेषेसाठी म्हणून त्याला ऑब्लिकची गरज नसते. ओळीखालून लिहिणाऱ्याचे तसे नाही. त्याच्या पेनाचे शेपूट खाली डावीकडे असल्यामुळे कड वरच्या डाव्या कोपऱ्याकडून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे पडते आणि जाड-बारीकपणाची दिशा उलटते: उजव्या हाताच्या अक्षरात जी तिरकी रेघ जाड येते, ती येथे बारीक येते.

हा उलटेपणा खटकत असेल तर लेफ्ट-फूट ऑब्लिक, म्हणजे डाव्या पायाच्या बोटांसारखा उतार असलेली ऑब्लिक, उपयोगी पडते, असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे, कारण तिची कड ओळीला समांतर होण्याच्या दिशेने थोडी वळलेली असते. कड ओळीला जितकी समांतर, तितका काना जाड आणि शिरोरेषा बारीक. पण हेच काम वही घड्याळाच्या दिशेने १५ अंश फिरवूनही होते, त्यासाठी वेगळी निब लागत नाही. ऑब्लिक घेण्याचे खरे कारण वेगळे आहे.

ते कारण म्हणजे पेन स्वतःच्या अक्षाभोवती कलंडण्याची सवय. स्टबचे सपाट टोक पूर्ण रुंदीने कागदावर टेकले नाही, तर एकच कोपरा घासतो, शाई तुटते आणि निब खराब आहे असे वाटू लागते. वही कितीही फिरवली तरी हा दोष जात नाही. तो ऑब्लिकच दूर करते. निबचा वरचा भाग डावीकडे कलंडत असेल तर उजवे पाते (फाटीच्या उजवीकडचा अर्धा भाग) कागदावरून उचलले जाते, म्हणून ते पाते लांब असलेली लेफ्ट-फूट निब लागते. उजवीकडे कलंडत असेल तर उलट उताराची राइट-फूट लागते. नावातला डावा-उजवा पायाचा आहे, लिहिणाऱ्या हाताचा नव्हे. नुसते ओएम (ऑब्लिक मीडियम) किंवा ओबी (ऑब्लिक ब्रॉड) असे लिहिलेली निब सहसा लेफ्ट-फूट असते. राइट-फूट मुद्दाम शोधावी लागते किंवा कारागिराकडून घासून घ्यावी लागते. घासलेले टोक परत येत नाही, हे त्याआधी लक्षात घ्यावे. शिवाय आजच्या काही ऑब्लिक निब टोकाशी इतक्या गोलसर असतात की त्यांच्या रेषेत फरक जेमतेम दिसतो. तेव्हा केवळ देखण्या अक्षरासाठी ऑब्लिक घेणाऱ्याची निराशा होऊ शकते.

लॅमी सफारीसारख्या पेनाची पकड त्रिकोणी धाटणीची असते आणि ती बोटांना ठरावीक जागीच बसवते. अशा पेनात कलंडण्याला फारसा वाव राहत नाही, त्यामुळे तेथे स्टबच्या बाजूने झुकावे, लॅमीच्या १.१ मिलिमीटरच्या निबपासून सुरुवात करणे पुरेसे आहे. १.५ आणि १.९ या रुंदी रोजच्या लहान अक्षराला जड होतात. लॅमी डावखुऱ्यांसाठी एलएच (लेफ्ट हँड) ही वेगळी निबही देते, पण ती स्टबही नाही आणि ऑब्लिकही नाही. जाड-बारीक रेषेची हौस नसेल आणि केवळ ढकलताना होणारी खरखर टाळायची असेल, त्यानेच तिचा विचार करावा.

शाई वाळण्याचा मुद्दा हात ओळीखाली ठेवणाऱ्याला जवळजवळ लागू नाही. इतरांच्या बाबतीत मात्र तो निर्णायक ठरू शकतो, कारण रुंद टोक जास्त शाई सोडते आणि हात ओल्या शाईवरून जातो. त्यांनी लवकर वाळणारी शाई व शोषक कागद घ्यावा, अथवा दोन्ही निबांचा नाद सोडून बारीक गोल टोकाची निब वापरावी.

खरेदीपूर्वी चपट्या टोकाच्या मार्करने नेहमीच्या पकडीत एक परिच्छेद लिहून पाहावा. रेघेची एकच कड नीट आणि दुसरी विरळ उमटत असेल, तर पेन कलंडते आहे. लिहिताना मध्येच हात थांबवून मार्करची रुंद बाजू कोणीकडे झुकली आहे ते पाहिले की लेफ्ट-फूट की राइट-फूट हे ठरते. दोन्ही कडा सारख्या येत असतील तर स्टब घ्यावी.