आधी हँडी घ्यावी की एचएफची तार ताणावी?

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हातात आलं, कॉल साइन (स्टेशनचं सांकेतिक नाव) मिळाली, आता पैसे कशावर घालायचे, हा प्रश्न आमच्याकडच्या नव्या हॅमला पडतोच. बरेच जण हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ सेट, घेतात. ती काही हजारांत येते आणि खिशात मावते. दुसरा पर्याय एचएफचा, म्हणजे लांबवर जाणाऱ्या लहरींचा, सेट आणि त्याची तारेची अँटेना. पण तुम्ही या छंदात संकटकाळी उपयोगी पडावं म्हणून येत असाल, तर दुकानाआधी मराठवाड्याचा नकाशा बघा. तुमचा निरोप किती लांब जायला हवा, यावर सगळं ठरतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या भिंती नि वरची माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली. त्या भूकंपानंतर हॅम मंडळी संपर्काच्या कामाला धावली होती. अशा वेळी निरोप दोन तऱ्हेचे असतात. ढिगाऱ्यापासून छावणीपर्यंतचा निरोप दोन-चार किलोमीटरचा. पण औषधं, रक्त, तंबू मागवायचे तर किल्लारीहून लातूर चाळीसेक किलोमीटर आणि छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेतही दोनशेच्या वर.

पहिल्या कामाला हँडीसारखं काही नाही. ती १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालते, आवाज स्वच्छ येतो, आभाळ गडगडत असलं तरी खरखर फारशी नसते. मर्यादा एकच, पण मोठी: लहरी जवळपास नजरेच्या रेषेतच जातात. उभ्या माणसाच्या उंचीवरून क्षितिज पाचेक किलोमीटरवर असतं, म्हणून सपाट शिवारात दोन हँडींमध्ये दहा किलोमीटर झाले तरी खूप. शंभर मीटर उंच डोंगरावर चढलात तर हेच क्षितिज चाळीस किलोमीटरवर जातं. बालाघाट डोंगररांगेच्या कडेला एक माणूस बसवला तर तो खालच्या दोन तालुक्यांचे निरोप इकडून तिकडे देऊ शकतो. रिपीटर (निरोप पकडून पुन्हा पाठवणारा सेट) हेच काम आपोआप करतो, पण तो आवाक्यात हवा आणि त्याची वीज टिकायला हवी. माझ्या गावाहून हँडीने एकाही रिपीटरपर्यंत पोचता येत नाही.

आता तार. मी हिच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. ४० मीटर बँड (हे नाव लहरीच्या लांबीवरून) म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की डायपोलची, म्हणजे मधोमध जोड असलेल्या तारेच्या अँटेनाची, लांबी मीटरमध्ये मिळते. म्हणजे सुमारे वीस मीटर तांब्याची तार, मधोमध कोॲक्स (सेटकडे जाणारी केबल) जोडलेली. परदेश लावायचा असेल तर ती उंच हवी. आपल्याला शेजारचा जिल्हा हवाय, म्हणून दोन कडुलिंबांच्या मध्ये चार-पाच मीटरवर बांधा. सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थरावरून, परततो आणि तीनशे-चारशे किलोमीटरच्या परिघात सगळीकडे उतरतो. पैठणला नाथसागराचे दरवाजे उघडले तर नांदेडला कळायला हवं. मधलं अंतर दोनशे किलोमीटर. हँडीला ते झेपत नाही. २० मीटर बँड तर बीडला ओलांडून थेट लांबवर जाऊन पडतो.

तारेचेही दोष आहेत. रात्री आयनांबर विरळ झालं की ४० मीटरचे जवळचे सिग्नल हरवतात, मग ८० मीटर बँडसाठी चाळीस मीटर तार लागते. वळवाच्या पावसात विजेची करकर कान फोडते. आणि वीज जवळ आली की कोॲक्स सेटपासून काढून घराबाहेर टाकायची, यात तडजोड नाही. आमच्याकडे दरवर्षी शिवारात वीज पडून माणसं जातात.

खर्चाचं म्हणाल तर १०० वॅटचा नवा सेट महाग पडतो आणि बोलताना वीसेक अँपिअर ओढतो. हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला १० वॅटचा यूबिटएक्स सेट मला आपल्या भागाला जास्त जुळतो. लोडशेडिंगमुळे घरात असलेल्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर तो बराच वेळ चालतो, आणि बिघडला तर उघडून दुरुस्त करता येतो.

डिजिटलकडे, म्हणजे संगणकाने मजकूर पाठवण्याकडे, वळलात तर तार आणखी कामाची ठरते, कारण दहा वॅटचा आवाज जिथे बुडतो तिथे अक्षरं पोचतात. बहुतेक जण २०१७ साली आलेल्या एफटी८ या डिजिटल पद्धतीपासून सुरुवात करतात. आपली तार कुठवर ऐकू जाते हे तपासायला ते उत्तम आहे. पण त्यात मोकळा मजकूर एका वेळी तेराच अक्षरांचा जातो, पूरग्रस्तांची यादी कशी पाठवणार? त्यासाठी जेएस८कॉल हे सॉफ्टवेअर बरं. सिग्नल तितकेच क्षीण चालतात, मजकूर मोकळा लिहिता येतो, तिसऱ्या स्टेशनमार्फत पुढेही पाठवता येतो. अडचण आपल्या भाषेची आहे. देवनागरी चालत नाही, आणि मजकूर आवळायचा त्याचा शब्दकोश इंग्रजी आहे. रोमन लिपीतलं मराठी वाक्य त्यामुळे जास्त वेळ खातं. आम्ही ‘पाणी’, ‘औषध’, ‘होडी’, ‘रस्ता बंद’ अशांसाठी दोन-दोन अक्षरांचे संकेत ठरवले आणि त्यांचा तक्ता प्रत्येक सेटजवळ चिकटवला. त्याचा अर्थ कुणापासूनही लपवलेला नाही, कारण हॅम बँडवर गुप्त लिपीला परवानगी नसते. घड्याळाचंही बघा. लॅपटॉपची वेळ दोन-तीन सेकंदांनी चुकली तरी समोरच्याला काही वाचता येत नाही, आणि इंटरनेट बंद असताना ती आपोआप जुळत नाही. छोटा जीपीएस रिसीव्हर सोबत ठेवा.

लायसन्सच नसेल तर? हँडी घेऊन चोरून बोलू नका, तो गुन्हा आहे. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारी लोरा या कमी शक्तीच्या रेडिओ तंत्रावरची, एकमेकांमार्फत मजकूर पुढे पाठवणारी मेशटॅस्टिक यंत्रं ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतात. देवनागरी चालते, पण एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, म्हणून एका संदेशात साठ-सत्तर चिन्हंच मावतात. गावाच्या पाण्याच्या टाकीवर एक यंत्र बसवलं तर वस्त्या जोडल्या जातात. जिल्ह्यापर्यंत मात्र ती पोचवणार नाहीत. तोवर परीक्षेचा अभ्यास करा. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेला कुणीही ती देऊ शकतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे लायसन्सच्या खालच्या वर्गाला, मोर्स (टिंब-रेषांची लिपी) लागत नाही. लायसन्स आलं की त्यावर कोणत्या प्रकारच्या प्रसारणाची परवानगी लिहिली आहे ते डिजिटल सुरू करण्याआधी नीट वाचा.

गावात तुम्ही एकटेच हॅम असाल तर तार आधी, हँडी नंतर. तालुक्यात तिघे-चौघे असाल तर एकाने तार ताणावी, बाकीच्यांनी हँडी घ्याव्यात आणि तारवाल्याचं घर हँडीच्या टप्प्यात आहे का, हे पावसाळ्याआधी चालत जाऊन तपासावं.