मेणाच्या नॅनोकणांचं कूलंट: लूप जुळत असेल तरच घ्या

लिक्विड कूलिंगच्या बंद लूपसाठी, म्हणजे यंत्राची उष्णता वाहून नेणारा द्रव ज्यात गोल फिरत राहतो त्या नळ्यांच्या जोडणीसाठी, पाण्यात मेणाचे कवचबंद नॅनोकण मिसळलेलं कूलंट मिळतं. हे परीक्षण आयकोसेन या पॅराफिनच्या कणांचं आहे. आयकोसेन ३७ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं आणि वितळताना किलोमागे सुमारे २४० किलोज्यूल उष्णता शोषतं. यंत्राची उष्णता घेणाऱ्या प्लेटमध्ये कण वितळायचे आणि रेडिएटरमध्ये पुन्हा गोठायचे, असं हे चक्र आहे.

फायदा खरा आहे, पण तापमानाच्या अरुंद पट्ट्यातच. वजनाने १० टक्के कण आणि कणात ८० टक्के मेण धरा. कूलंट ६ अंशांनी तापत असेल, तर साधं पाणी किलोमागे २५ किलोज्यूल नेतं आणि हे मिश्रण सुमारे ४३. तेच २० अंशांनी तापू दिलं की पाण्याचे ८४, मिश्रणाचे ९९. म्हणजे पावणेदोन पटीचा लाभ १८ टक्क्यांवर येतो. त्यातही ३७ अंश हा आकडा त्या पट्ट्याच्या आत पडला पाहिजे, नाहीतर कण नुसतेच फिरत राहतात आणि साध्या पाण्यापेक्षाही कमी उष्णता वाहून नेतात.

सगळ्यात जास्त फसगत गोठण्यात होते. कण जितका बारीक, तितकं त्यातलं मेण वितळणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहतं, कारण एवढ्याशा थेंबात स्फटिकाची सुरुवात करून देणारं काही सापडत नाही. रेडिएटरमधून कूलंट ३४ अंशांवर बाहेर पडलं म्हणून मेण गोठलंच असं मुळीच नाही, आणि न गोठलेला कण पुढच्या फेरीत वितळणार तरी काय! चांगल्या मालात यासाठी स्फटिकबीज घातलेलं असतं. विक्रेत्याकडून वितळण्याचा आणि गोठण्याचा, असे दोन्ही आलेख मागा. फक्त वितळण्याचा दाखवला तर माल घेऊ नका.

दाटपणा वाढतो, त्यामुळे पंपावर जोर येतो. गिअर पंप तर नकोच: दातांमध्ये कवचं चिरडतात. कवच फुटलं की मेण टाकीच्या कडेला पांढऱ्या कड्यासारखं जमतं आणि प्लेटच्या बारीक वाहिन्या तुंबवतं. सुटलेलं पॅराफिन ईपीडीएम रबर फुगवतं, म्हणून नळ्या आणि ओ-रिंग आधीच एफकेएम या फ्लोरिनयुक्त रबराच्या घ्याव्यात. लूपमध्ये आयन शोषणारं काडतूस असेल तर ते काढा. त्यात कण अडकतात. ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव्य) मिसळण्याआधी बाटलीत थोडं मिश्रण करून दोन दिवस ठेवा. गुठळ्या दिसल्या तर ते लूपमध्ये घालू नये.

मेण पाण्यापेक्षा हलकं असल्याने लूपमधला प्रवाह थांबून राहिला की कण हळूहळू वर जमू लागतात. पुन्हा सुरू करताना आधी उष्णतेचा भार न देता पंप चालवा, टाकीतला रंग वरपासून खालपर्यंत सारखा झाला की मगच भार द्या.

प्रवाह वाढवणं शक्य नाही आणि तापमान मात्र एकसारखं राखायचं आहे, अशा बारीक वाहिन्यांच्या प्लेटसाठी हे कूलंट घेण्यासारखं आहे. मोठा पंप बसवता येत असेल तर साधं पाणीच बरं. १५० अंशांच्या वरच्या तेलाच्या लूपसाठी मेण निरुपयोगी आहे. तिथे सिलिकाच्या कवचातले इंडियमचे कण वापरतात. इंडियम १५६.६ अंशांना वितळतं, पण किलोमागे जेमतेम २८ किलोज्यूल घेतं.

मेण साचलेलं लूप थंड पाण्याने धुऊन निघत नाही. ५० अंशांचं साबणाचं पाणी फिरवा आणि ते गरम असतानाच काढून टाका.