फिरतं रोस्टर की पसंतीचं?

पाळ्यांवरून टीममध्ये कुरबूर सुरू झाली की लीडरपुढे दोन वाटा असतात. एक, ठरलेल्या क्रमाने सगळ्यांना फिरवायचं. दुसरी, प्रत्येकाची पसंती मागवून त्यातून महिन्याचं रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, बसवायचं.

पसंतीच्या रोस्टरची सुरुवात फार छान होते. कुणाला रात्रपाळी खरंच सोयीची असते, कुणाला सकाळ. लोक खूश, रजाही कमी. चार-पाच जणांची, एकमेकांना सांभाळून घेणारी टीम असेल तर मी नको म्हणणार नाही. पण एकाच रविवारी तिघांना सुट्टी हवी असते तेव्हा खरं दुखणं कळतं. एकाची आई आजारी, दुसऱ्याची परीक्षा, तिसरा कारणच सांगत नाही. मग कुणाचं कारण मोठं, हे लीडरने ठरवायचं! हा निवाडा दर महिन्याला नव्याने करावा लागतो आणि बहुधा न बोलणाऱ्याच्याच गळ्यात रविवार पडतो. माझं मत फिरलं ते इथेच.

फिरत्या रोस्टरमध्ये कारणं तोलावी लागत नाहीत. मात्र चक्र नीट निवडायला हवं. सात दिवसांचं ठेवलं तर ज्याच्या वाट्याला रविवार आला, त्याला तो कायमचाच. चोवीस तासांच्या कामाला चार गट करून दोन सकाळ, दोन दुपार, दोन रात्र आणि दोन सुट्ट्या असं आठ दिवसांचं चक्र लावा. वार दर फेरीला एकेक पुढे सरकतो. 56 दिवसांतल्या आठ रविवारांपैकी प्रत्येक गटाला दोन मोकळे मिळतात. क्रम उलटा नको: दुपारपाळी करून रात्री दहाला सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजर व्हायचा, म्हणजे मध्ये जेमतेम आठ तास, त्यातही प्रवास.

हे रोस्टर ताठर असतं, हे मान्य. लग्नकार्य, दवाखाना त्याला कळत नाही. त्यासाठी अदलाबदलीची मुभा ठेवावी: दोघांनी मिळून, निदान 48 तास आधी, लेखी कळवायचं, दोघांना एकमेकांचं काम येत असावं आणि दोन पाळ्यांत 11 तासांचं अंतर राहावं. एवढं जुळलं की लीडरने फक्त नोंद करायची, कारण विचारायचं नाही. रात्री आणि रविवार यांचा माणशी हिशेब मात्र सगळ्यांना दिसेल असा लावावा. नाहीतर एकच भिडस्त माणूस सगळ्यांच्या रात्री करत राहतो आणि कागदावर सगळं समान दिसतं.