कन्नड वर्गातील ‘स्वतःची वही’ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मी खानापूर तालुक्यातला, मराठी माध्यमात शिकलेला आणि नोकरीसाठी रोज बेळगावला ये-जा करणारा माणूस आहे. शाळेत कन्नड विषय होता, पण तो उत्तीर्ण होण्यापुरताच; त्यामुळे कन्नडमधला अर्ज समोर आला की शेजाऱ्याचे तोंड पाहावे लागे. म्हणून मी संध्याकाळच्या कन्नड वर्गात नाव घातले. तेथे ठरलेल्या धड्यांऐवजी प्रत्येकाला एक वही मिळते. आठवड्याच्या सुरुवातीला आपले उद्दिष्ट आपणच लिहायचे आणि आठवडा संपल्यावर काय साधले हेही आपणच तपासायचे.

ही कल्पना नवी नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक आंरी ओलेक यांनी १९७९ साली युरोप परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात स्वायत्तता म्हणजे स्वतःच्या शिकण्याची सूत्रे हाती घेण्याची क्षमता, अशी मांडणी केली होती. ही क्षमता जन्मजात नसते, ती कमवावी लागते, हेही त्यांनी सांगितले होते. आणि आमच्या वर्गाला नेमका याच गोष्टीचा विसर पडला होता. पहिले दोन महिने मी ‘आज विभक्ती शिकलो, बरे वाटले’ असे लिहीत राहिलो आणि बाई खाली सही करीत राहिल्या. ते दोन महिने वाया गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या माणसांना आत्मपरीक्षण आपोआप जमते, असे गृहीत धरल्यामुळे काही चांगले सोबती याच काळात गळाले.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी प्रश्नच बदलला. काय शिकलात हे न विचारता, कुठे अडलात आणि त्यावर पुढच्या आठवड्यात काय करणार, एवढेच त्या विचारू लागल्या.

त्याच आठवड्यात किराणा दुकानात मी तूप मागितले आणि दुकानदाराने मला पुन्हा विचारले. घरी आल्यावर तेच वाक्य मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून चार वेळा ऐकले, तेव्हा ‘तुप्प कॊड्री’ म्हणताना मी ‘को’ लांबवीत असल्याचे लक्षात आले. मराठीत ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. कन्नडमध्ये मात्र त्यांची अक्षरेच वेगळी आहेत, आणि ऱ्हस्व ओचे ‘कॊडु’ म्हणजे दे, तर दीर्घ ओचे ‘कोडु’ म्हणजे शिंग. बाईंनी ही चूक वर्गात दुरुस्त केली असती तर मी मान डोलावून विसरलो असतो. ती मीच पकडल्यामुळे पुढचे तीन आठवडे रोज दहा मिनिटे याच स्वरांसाठी ठेवावीत, हा निर्णयही माझाच होता.

दुसरा निर्णय ‘ऐति’ आणि ‘इदे’ यांचा. ‘आहे’ या अर्थी आमच्याकडच्या बोलीत ‘ऐति’ म्हणतात, पुस्तकात ‘इदे’ असते. बसस्थानकावर बोलताना ‘ऐति’ आणि अर्जात ‘इदे’, असे मी वहीत लिहून ठरवले. माझी गरज कोठे काय आहे, हे पाठ्यपुस्तकाला कसे कळणार?

वहीचे दोष अजूनही आहेत. लेखनातील चुका स्वतःच्या स्वतःला दिसत नाहीत, तेथे शिक्षकाचीच नजर लागते, आणि बाईंचे शेरे कधी कधी पंधरा दिवसांनी येतात, तोवर ते वाक्य आपण विसरलेले असतो. ठरावीक तारखेला परीक्षा द्यायची असेल त्याने केवळ या पद्धतीवर विसंबू नये. ज्याला रोजच्या व्यवहारासाठी भाषा हवी आहे, त्याला मात्र मी ती आग्रहाने सुचवीन.

गेल्या आठवड्यात पंचायतीच्या फलकावरील पाणी सोडण्याच्या वेळेची सूचना मी कोणाला न विचारता वाचली. तीन शब्द अडले. ते वहीत उतरवले आहेत.