ग्रह पाहायला बायनॉक्युलर की दुर्बीण?

वहिनी, लेकासाठी १० × ५० चं (दहा पट मोठं दाखवणारं, ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांचं) बायनॉक्युलर घ्यावं की ७० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण, असं विचारलंत. खर्च आणि खटपट बायनॉक्युलरला कमी. गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकवली की गुरूचे चार चंद्र दिसतात, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले तेच! शनीची कडी मात्र त्यात वेगळी दिसत नाहीत. दुर्बिणीत ३०-४० पटीला दिसतात, आणि तेव्हा मूल जे हरखतं त्याला तोड नाही. डब्यावरचं '५०० पट' विसरा, एवढ्या भिंगाला १४० पटीच्या पुढे चित्र धूसरच होतं. नागपूरचे दिवे ग्रहांना फारसे आड येत नाहीत, पावसाळी ढग येतात. नुकती गोडी लागली असेल तर बायनॉक्युलर. रोज तिवई मांडायचा धीर असेल तर दुर्बीणच घ्या.