‘विच’, ‘ऑफ’ आणि ‘ओवा’ : आडनावांचे मूळ सांगणाऱ्या एका सेवेचा अनुभव

क्रीडावृत्तांचे मराठी भाषांतर करताना स्लाव्ह (रशियन, सर्बियन, बल्गेरियन इत्यादी) खेळाडूंची नावे सतत समोर येतात, म्हणून इंग्रजीत रुळलेल्या आडनावांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाची मी तीन महिन्यांची वर्गणी भरली आणि मुद्दाम बापाच्या नावावरून आलेलीच आडनावे त्यात शोधत राहिले.

शोधाची सोय उत्तम आहे. ‘स्मिर्नॉफ’ टाकले की ‘स्मिर्नोव्ह’ही मिळते आणि दोन्ही लेखनांचा संबंधही नीट सांगितलेला असतो : रशियन उच्चारात शेवटचा ‘व’ ‘फ’सारखा होतो, फ्रेंच वळणाने लिहिताना तो दोन एफनी दाखवला जाई, आणि १९१७च्या क्रांतीनंतर देशाबाहेर पडलेल्या अनेकांनी तेच लेखन कायम ठेवले. संगीतकार रखमानिनोव्हही इंग्रजीत ‘ऑफ’ अशीच सही करीत. जुनी कागदपत्रे धुंडाळणाऱ्याला एवढ्यानेही वर्गणी वसूल झाल्यासारखी वाटेल.

निराशा झाली ती व्याकरणात. ‘इवानोव्ह’ म्हणजे ‘इवानचा’ आणि ‘इवानोवा’ म्हणजे ‘इवानची’. आपल्या ‘चा’ आणि ‘ची’प्रमाणे हा प्रत्यय लिंगानुसार बदलतो, हे मराठी वाचकाला एका वाक्यात पटते. या सेवेने मात्र शारापोव्ह आणि शारापोवा ही दोन वेगळी घराणी मानून त्यांची वेगवेगळी पाने केली आहेत, त्यामुळे तिच्या हिशेबात मारिया शारापोवा आणि तिचे वडील युरी शारापोव्ह एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. उलट इंग्रजी भाषक देशांत स्थायिक झालेल्या कित्येक कुटुंबांत मुलीही ‘इवानोव्ह’च लावतात, म्हणजे व्याकरणाने पाहता मुलगी ‘इवानचा’ होते. या बदलाची दखल कुठेही नाही.

बल्गेरियन नावांचा घोळ आणखी मोठा आहे. तिथे गेओर्गी इवानोव्ह पेत्रोव्ह असे नाव असले, तर मधला ‘इवानोव्ह’ हे आपल्याकडल्यासारखे वडिलांचे नाव असते, आडनाव नव्हे. सेवा त्याला दुसरे आडनाव ठरवून मोकळी होते. (पारपत्राच्या अर्जात वडिलांचे नाव कोणत्या रकान्यात घालावे या विवंचनेत बसलेल्या कोणाही महाराष्ट्रीयाने ही चूक तत्काळ पकडली असती.)

‘विच’बद्दलची माहिती अर्धीच आहे. रशियनमध्ये ‘पेत्रोविच’ हे बहुधा मधले, आदराने हाक मारण्याचे नाव असते, तर सर्बियन ‘पेत्रोविच’ हे सरळ आडनाव असते, आणि सर्बियन भाषा लॅटिन लिपीत लिहिताना त्याच्या शेवटच्या अक्षरावर एक खूण असते. इंग्रजीत ती खूण गळते. मग काही घराणी शेवटी नुसता सी ठेवतात, तर अमेरिकेत जुन्या काळी गेलेली घराणी त्यापुढे एच जोडून उच्चार वाचवतात. जोकोविच आणि बास्केटबॉलचे माजी प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्या आडनावांच्या लेखनातला फरक हाच आहे. सेवेतली उच्चार ऐकवणारी कळ दाबली, तर पहिल्या लेखनाला ‘विक’ ऐकू येते, ही चूक पैसे घेऊन विकू नये. ‘पोपोविच’ म्हणजे पाद्र्याचा मुलगा, हे मात्र तिथे बरोबर दिले आहे.

न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर, जिथे अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी होई, तिथल्या कारकुनांनी स्थलांतरितांची नावे बदलली, ही दंतकथाही येथे इतिहास म्हणून छापली आहे. वास्तविक तिथले अधिकारी जहाज कंपन्यांनी निघण्याच्या बंदरातच तयार केलेल्या याद्यांवरून नावे पडताळीत. बदल पुढे, बहुधा कुटुंबांनी स्वतःच, शाळेत, कारखान्यात किंवा नागरिकत्व घेताना केले.

एका लेखनावरून दुसरे शोधायचे असेल, तर एका महिन्याची वर्गणी पुरेशी आहे. उच्चार आणि अर्थ यांसाठी त्या त्या भाषेचा साधा शब्दकोश जवळ ठेवावा. मी पुढची वर्गणी भरलेली नाही.