बाल्कनीत पालक लावू की मायाळू?

दोन्ही लावून बघितलेत म्हणून सांगते, जागा एकाच कुंडीची असेल तर मी मायाळूच लावेन. पालक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरला की साधारण महिन्याभरात पहिली काढणी मिळते, बाहेरची पानं कापायची आणि मधला कोंब ठेवायचा म्हणजे अजून दोन-तीनदा येतो, पण मार्चचं ऊन लागलं की तुरा धरतो आणि पानं बारीक, कडवट होतात, मग परत बी आणा.

मायाळूचं तसं नाही, तो वेल आहे आणि त्याला उन्हाळा-पावसाळाच मानवतो. बी पण लागत नाही, भाजीच्या जुडीतली वीतभर जाड काडी मातीत खोचली की पंधरवड्यात फुटते (मी जांभळ्या देठाची लावली, दिसायला इतकी सुंदर!). फक्त ग्रिलला दोरी बांधून द्या आणि शेंडे खुडत राहा, तेवढे फुटवे जास्त. पानं बुळबुळीत असतात म्हणून घरात काहीजण नाक मुरडतात, त्यांना भजी करून घाला. पालक पनीर मात्र पालकाचंच, त्यामुळे थंडीत एक ट्रे त्याचाही ठेवतेच.